मॉडेलवरून ड्रॉइंग: दृश्ये सॉफ्टवेअर काढते, मापे कोण ठरवते?

पडद्यावर एखाद्या भागाचे त्रिमितीय मॉडेल पूर्ण झाले, की ते हवे तसे फिरवून पाहता येते, त्याचे वजन काढता येते आणि शेजारच्या भागाशी ते नीट बसते की नाही हेही तपासता येते. तरीसुद्धा तो भाग बनवायला देताना बहुतेक ठिकाणी मागितले जाते ते मापे टाकलेले सपाट ड्रॉइंगच. ही निव्वळ जुनी सवय आहे असे समजणे चुकीचे ठरेल. मॉडेलमध्ये भोकाचा व्यास २० मिलिमीटर असतो तो अगदी काटेकोर २० असतो; प्रत्यक्ष यंत्रावर तितके काटेकोर भोक कोणालाही पाडता येत नाही. मग ते २०.०२ झाले तर चालेल का, १९.९८ झाले तर काय, आणि त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर नेमके कोणत्या पृष्ठभागापासून मोजायचे, या प्रश्नांची उत्तरे आकारात नसतात. ती कोणीतरी विचारपूर्वक ठरवून लिहावी लागतात, आणि ती लिहिण्याची सर्वमान्य जागा म्हणजे ड्रॉइंग.

मॉडेलवरून ड्रॉइंग करणे म्हणजे प्रत्यक्षात दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम प्रक्षेपाचे, म्हणजे घनाकृतीची सपाट दृश्ये काढण्याचे. ते भूमितीचे आहे आणि सॉफ्टवेअर ते जवळपास संपूर्णपणे करते. दुसरे काम मापांचे आहे. तेही आपोआप झाल्यासारखे दिसते, कारण एका आज्ञेसरशी शीटवर मापांची गर्दी उमटते. पण कोणते माप द्यायचे आणि कोठून द्यायचे हा निर्णय सॉफ्टवेअरच्या आवाक्यातला नाही. नवशिक्याची बरीचशी फसगत या दोन कामांत गल्लत केल्यामुळे होते.

पुढच्या विवेचनासाठी एक साधा ब्रॅकेट डोळ्यांसमोर ठेवू. त्याची तळपट्टी १२० मिलिमीटर लांब, ६० रुंद आणि १२ जाड आहे. पट्टीच्या एका टोकाला तितक्याच जाडीची उभी पट्टी असून तिच्यासकट एकूण उंची ८० आहे. उभ्या पट्टीत २० व्यासाचे आरपार बोअर, म्हणजे अचूक व्यासाचे भोक, आहे, त्यात एक शाफ्ट (गोल दांडा) बसणार आहे, आणि बोअरचा मध्य तळापासून ५५ उंचीवर आहे. दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या कोपऱ्यात, रुंदीच्या मध्यावर, ८ जाडीची त्रिकोणी रिब आधाराला दिली आहे. तळपट्टीत एम८ बोल्टसाठी ९ व्यासाची चार भोके आहेत, आणि उभ्या पट्टीच्या माथ्यावरून बोअरपर्यंत ग्रब स्क्रूसाठी (शाफ्ट जागेवर दाबून धरणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूसाठी) एम६ आट्यांचे एक भोक खाली उतरते.

प्रक्षेपाची मूळ कल्पना सोपी आहे. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून कागदाच्या पातळीवर लंब टाकायचा आणि तो जिथे टेकेल तिथे बिंदू मांडायचा. प्रत्येक बिंदूला तीन अंक असतात. समोरच्या दृश्यात खोलीचा अंक गळतो, वरच्या दृश्यात उंचीचा. फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंज याने अठराव्या शतकाच्या अखेरीस या पद्धतीला शास्त्राचे शिस्तबद्ध रूप दिले, आणि आजची सॉफ्टवेअर्सही पायाशी तेच गणित वापरतात. अवघड भाग त्यापुढे सुरू होतो, कारण सगळ्या कडा नुसत्या कागदावर आपटल्या तर पारदर्शक तारेच्या सांगाड्यासारखा गुंता उभा राहतो. कोणती कड दिसते आणि कोणती एखाद्या पृष्ठभागाच्या आड जाते हे प्रत्येक कडेसाठी, कित्येकदा कडेच्या एकेका तुकड्यासाठी, तपासावे लागते. लॉरेन्स रॉबर्ट्स याने १९६३ मध्ये एमआयटीतील आपल्या प्रबंधात या प्रश्नाची एक सोडवणूक मांडली होती. आज हे काम क्षणार्धात होते, म्हणून त्यामागची मेहनत आपल्या लक्षातही येत नाही. मात्र मोठ्या जोडणीचे ड्रॉइंग उघडताना संगणक अडखळतो तेव्हा बहुधा हीच मोजणी चाललेली असते.

दिसणाऱ्या कडा जाड अखंड रेषेने आणि आड गेलेल्या तुटक रेषेने काढल्या जातात. पण गोल पृष्ठभागाला कडच नसते. दंडगोल बाजूने पाहिला तर जी दोन समांतर रेषांची बाह्याकृती दिसते, त्या रेषा मॉडेलमध्ये कोठेही नोंदलेल्या नसतात. पृष्ठभाग जिथे नजरेपासून वळून दूर जाऊ लागतो तो काठ सॉफ्टवेअर त्या त्या दृश्यापुरता मोजून काढते. याच्या उलट प्रकारही घडतो. ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात फिलेट (कोपऱ्याची गोलाई) दिला, की गोलाई जिथे सपाट पट्टीला अलगद मिळते तिथे मॉडेलमध्ये कड असते, पण प्रत्यक्ष वस्तूवर बोट फिरवले तर तिथे काहीच जाणवत नाही. अशा स्पर्शकडा ठेवायच्या, बारीक रेषेने दाखवायच्या की काढून टाकायच्या, याचा पर्याय बहुतेक सॉफ्टवेअर देतात. ओतीव भागांवर, जिथे सगळेच कोपरे गोल असतात, त्या पूर्ण काढल्या तर दृश्य पोकळ दिसते आणि तशाच जाड ठेवल्या तर नसलेले कोपरे असल्याचा भास होतो. बारीक रेषेचा मधला पर्याय मला बहुतेक वेळा योग्य वाटतो.

आट्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. एम६ च्या भोकात मॉडेल करणारा सहसा खरे आटे कोरत नाही. तसे केले तर फाइल विनाकारण जड होते. मॉडेलमध्ये असते ते ५ व्यासाचे साधे भोक आणि त्याला चिकटवलेली ‘हे एम६ आहे’ ही माहिती. मॉडेल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडले तर ड्रॉइंगवर आट्यांची सांकेतिक बारीक रेषा आपोआप येते. तेच मॉडेल स्टेप फाइलमधून, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या सामायिक स्वरूपातून, दुसऱ्याकडे गेले, की बहुतेक वेळा केवळ ५ व्यासाचा दंडगोल उरतो. बाहेरून आलेल्या मॉडेलवर ड्रॉइंग करताना ४.२, ५, ६.८, ८.५ असे व्यास दिसले तर तिथे अनुक्रमे एम५, एम६, एम८, एम१० चे आटे अपेक्षित असू शकतात, हे ओळखून विचारणा केलेली बरी.

दृश्ये शीटवर कशी मांडायची याच्या दोन रीती आहेत. फर्स्ट अँगल पद्धतीत वरून पाहिलेले दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते आणि डावीकडून पाहिलेले उजवीकडे. थर्ड अँगलमध्ये वरचे वर आणि डावीकडचे डावीकडेच राहते. युरोप आणि भारतात पहिली रीत रूढ आहे, अमेरिकेत दुसरी. सॉफ्टवेअरचा तयार टेम्प्लेट ज्या देशाचा असेल त्याप्रमाणे तो चालतो, आणि गोची इथेच होते. आपला ब्रॅकेट रुंदीच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा आहे, म्हणून रीत उलटी वाचली तरी भाग बरोबर बनेल; पण तळपट्टीच्या एकाच बाजूला एखादी खाच असती, तर कारागिराच्या हातून नेमका आरशातला भाग तयार झाला असता, आणि त्याची सगळी मापे ड्रॉइंगप्रमाणे तंतोतंत असती. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे शीटच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, छाटलेल्या शंकूचे जे छोटे चिन्ह असते ते याचसाठी. टेम्प्लेट बदलला तर ते चिन्हही बदलले आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

दृश्ये किती असावीत याचा नियम एकच: भाग निःसंदिग्धपणे कळेल इतकी, त्याहून एकही जास्त नाही. साध्या शाफ्टला एक दृश्य आणि व्यासाची खूण पुरते. आपल्या ब्रॅकेटसाठी समोरचे दृश्य म्हणून ‘एल’ आकार दाखवणारी बाजू निवडावी, कारण भागाची ओळख तिथे पटते. तळपट्टीची चार भोके वरच्या दृश्यात आणि बोअर बाजूच्या दृश्यात गोल दिसतील. सहाही बाजूंची दृश्ये टाकणे सॉफ्टवेअरमध्ये फुकट असल्यामुळे तो मोह अनेकांना होतो. त्यातून माहिती वाढत नाही. वाचणाऱ्याला सहा ठिकाणी शोधावे लागते इतकेच.

आतला भाग तुटक रेषांनी दाखवून मग त्याच रेषांवरून मापे देणे ही वाईट सवय आहे. त्यासाठी छेद असतो. ब्रॅकेटच्या रुंदीच्या मध्यातून उभा छेद घेतला तर बोअर, वरून उतरणारे एम६ चे भोक आणि दोन्ही पट्ट्यांची जाडी एकाच दृश्यात स्वच्छ दिसते. सॉफ्टवेअरमध्ये छेदरेषा ओढायची, बाण कोणत्या दिशेला हे सांगायचे, की कापलेल्या भागावर हॅचिंगसकट (तिरक्या समांतर रेषांसकट) दृश्य तयार. पण हा छेद रिबच्याही बरोबर मध्यातून जातो, आणि संगणक प्रामाणिकपणे रिबवरही हॅचिंग भरतो. परिणामी ८ मिलिमीटरची रिब संपूर्ण रुंदीचा भरीव पाचर असल्यासारखी दिसते. म्हणूनच ड्रॉइंगचा जुना संकेत असा, की रिब लांबीच्या दिशेने कापली गेली तरी तिच्यावर हॅचिंग करायचे नाही. शाफ्ट, बोल्ट, पिन यांनाही तोच न्याय. भूमितीच्या दृष्टीने हे खोटे आहे, पण वाचणाऱ्याला खरा आकार यातूनच कळतो. जोडणीतले बोल्ट किंवा स्वतंत्र फीचर म्हणून केलेली रिब छेदातून वगळण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते. नसेल तर हॅचिंग काढून रिबच्या कडा हाताने आखाव्या लागतात.

आता दृश्य आणि मॉडेल यांच्यातल्या दुव्याविषयी. ऑटोकॅडमध्ये फ्लॅटशॉट नावाची एक आज्ञा आहे. ती समोर दिसणारे मॉडेल दाबून सपाट रेषांचा एक ब्लॉक बनवते. काम झटपट होते, पण त्या रेषांचा मॉडेलशी संबंध तिथेच तुटतो. उद्या बोअर २० चे २२ झाले, तर ड्रॉइंगमधले २० तसेच राहील. साधारण २०१२ पासूनच्या आवृत्त्यांत व्ह्यूबेस ही आज्ञा आली, तिच्याने काढलेली दृश्ये मॉडेलशी जोडलेली राहतात. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, क्रिओ यांची रचनाच अशा दुव्यावर उभी आहे, आणि फ्रीकॅडमधील टेकड्रॉ वर्कबेंचही हेच करतो. एकदाच लागणाऱ्या, पुढे कधी न बदलणाऱ्या आराखड्याला सपाट रेषा पुरतात. बाकी ठिकाणी दुवा टिकवलेलाच बरा.

प्रमाण हा दिसायला क्षुल्लक विषय आहे आणि त्यातच सर्वांत महागड्या चुका दडलेल्या असतात. मॉडेल नेहमी पूर्ण आकारात, म्हणजे १:१ मध्ये करतात. शीट कागदाच्या आकाराचे असते, उदाहरणार्थ ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. दृश्य १:२ प्रमाणात ठेवले तर १२० ची तळपट्टी कागदावर ६० इतकी भरते. माप दृश्याशी नीट जोडलेले असेल तर आकडा १२० च येतो. कागदाच्या पातळीवर सुट्या रेषा मोजून टाकलेल्या मापात मात्र ६० उमटते, आणि शीटवरचे बाकीचे आकडे बरोबर असल्यामुळे ते कोणाच्या नजरेस येत नाही. हीच गोष्ट लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ फाइल (सपाट रेषांची फाइल) देताना आणखी बोचरी होते, कारण तिथे आकडा वाचणारे कोणी नसते. यंत्र रेषेचीच लांबी घेते, आणि १:२ च्या शीटवरून निघालेली फाइल अर्ध्या आकाराचा तुकडा कापून हातात देते. फाइल दुसऱ्या कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडून एक ज्ञात अंतर मोजले, की हा धोका टळतो. इंच आणि मिलिमीटर यांची अदलाबदल झाली असेल तर तीही तिथेच पकडली जाते, कारण आकडा २५.४ पटीने चुकलेला दिसतो.

मापे टाकण्याचे दोन मार्ग असतात. मॉडेल करताना स्केचमध्ये जी मापे दिली होती ती एका आज्ञेने ड्रॉइंगवर ओढून आणता येतात, किंवा दृश्यातल्या कडा निवडून नवी मापे टाकता येतात. पहिल्या मार्गात काम वाचते असे वाटते, पण त्यातला दोष समजून घेणे आवश्यक आहे. मॉडेल करणाऱ्याने बोअरचा मध्य कदाचित उभ्या पट्टीच्या माथ्यापासून २५ अंतरावर मांडला असेल, कारण त्या क्षणी माऊस तिथे होता. आकार बरोबर आला, म्हणून त्याचे काही बिघडले नाही. पण तेच २५ ड्रॉइंगवर आले, की ते कारागिराला दिलेली सूचना बनते: माथ्यापासून २५ वर बोअर कर. स्केचमधली मापे भाग पडद्यावर कसा घडला याचा इतिहास सांगतात. ड्रॉइंगवरची मापे तो प्रत्यक्षात कसा घडवावा आणि कसा तपासावा हे सांगतात.

यातला फरक आकड्यांत पाहू. मापाला वेगळे टॉलरन्स, म्हणजे किती कमी-जास्त चालेल याची मर्यादा, लिहिलेले नसेल तेव्हा लागू होणाऱ्या सर्वसाधारण मर्यादा आयएसओ २७६८ या मानकात दिल्या आहेत. त्यातल्या मध्यम वर्गानुसार ६ ते ३० मिलिमीटरपर्यंतच्या मापाला ±०.२ आणि ३० ते १२० पर्यंतच्या मापाला ±०.३ इतकी मुभा असते. एकूण उंची ८० आणि माथ्यापासून बोअर २५ अशी मापे दिली, तर तळापासून बोअरची उंची या दोहोंच्या वजाबाकीतून येते आणि दोन्ही मुभा एकत्र होतात. म्हणजे ती ५४.५ ते ५५.५ मध्ये कोठेही असू शकते. तेच तळापासून थेट ५५ असे लिहिले तर मुभा ±०.३ वर येते, आणि शाफ्ट समोरच्या दुसऱ्या ब्रॅकेटशी एका रेषेत यायला हवा असेल तर तिथेच ±०.०५ असे काटेकोर टॉलरन्स देता येते. ब्रॅकेट ज्या पृष्ठभागावर बसतो तो तळ हाच इथला डेटम, म्हणजे मापे मोजण्याचा आधार, आहे. हे संगणकाला कळण्याचा मार्ग नाही, कारण शाफ्ट कशासाठी आहे हे त्याला ठाऊक नसते.

साखळीने मापे दिली तरी हाच हिशेब लागू होतो. पट्टीवर २० च्या अंतराने सहा भोके आहेत आणि प्रत्येक अंतर वेगळे दिले, तर पाच अंतरांची मुभा साठत जाऊन पहिल्या आणि शेवटच्या भोकात ±१.० इतका फरक पडू शकतो. सगळी मापे पहिल्या भोकापासून दिली तर शेवटचे भोक १०० ±०.३ मध्ये राहते. मात्र त्याची किंमतही असते. चौथे भोक ६० ±०.३ वर आणि तिसरे ४० ±०.३ वर असल्यामुळे त्या दोघांतले अंतर आता ±०.६ ने हलू शकते. शेजारची दोन भोके एकाच जोडभागात बसायची असतील तर साखळीच बरी. सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारची मापे एका झटक्यात टाकते, आणि कोणता प्रकार हवा ते विचारत नाही.

शाफ्ट बसणाऱ्या बोअरला नुसते २० लिहून चालणार नाही. २० एच७ लिहिले, की त्याचा व्यास २०.००० ते २०.०२१ यांच्या दरम्यान असला पाहिजे असा अर्थ होतो, म्हणजे त्यावर रीमर (भोक अचूक व्यासाचे करणारे हत्यार) चालवणे आले. चार बोल्टच्या भोकांना असे काही लागत नाही. ९ व्यास एम८ साठी ऐसपैस आहे. सगळीकडेच काटेकोर टॉलरन्स टाकण्याने भाग चांगला होत नाही, महाग होतो. दशांशस्थळांचेही असेच. माप पूर्णांकात दाखवण्याची सेटिंग असेल तर १२.५ चे माप १३ दिसते आणि मॉडेलशी जोडलेले असूनही ड्रॉइंग खोटे बोलते. उलट तीन दशांश दाखवले तर ५५.००० वाचून कारागीर नाहक धास्तावतो.

एकच माप दोन दृश्यांत देऊ नये, हा नियम दुवा जिवंत असताना निरर्थक वाटतो, कारण दोन्ही आकडे एकदमच बदलतात. पण टॉलरन्स एका ठिकाणी लिहून दुसरीकडे राहून गेले, की तपासनीस कोणते धरणार? वाचणाऱ्याच्या सोयीसाठी माप पुन्हा द्यायचेच असेल तर ते कंसात द्यावे. कंसातले माप माहितीपुरते असते, त्यावरून भाग नाकारला जात नाही. या सगळ्याहून घातक सवय म्हणजे आकडा हाताने लिहून बदलणे. घाईत मॉडेल न उघडता २० च्या जागी २२ टाइप केले, की ड्रॉइंग आणि मॉडेल यांची कायमची फारकत होते, आणि पुढे सीएनसीचा (संगणकाने चालणाऱ्या यंत्राचा) प्रोग्राम मॉडेलवरून झाला तर यंत्र २० चेच बोअर पाडते.

शीटच्या कोपऱ्यात भाग ओळखू यावा म्हणून आयसोमेट्रिक दृश्य, म्हणजे तिन्ही बाजू सारख्याच तिरक्या दिसणारे दृश्य, ठेवण्याची चांगली पद्धत आहे. त्यावर मापे टाकताना मात्र सावध राहावे. खऱ्या आयसोमेट्रिक प्रक्षेपात तिन्ही अक्षांवरील लांबी ०.८१६ पटीने आखूड दिसते. १२० ची कड कागदावर ९८ भरते. काही सॉफ्टवेअर खरी लांबी लिहितात, काही प्रक्षेपातली, आणि टेकड्रॉमध्ये यांपैकी कोणती हवी ते निवडावे लागते. तिरक्या पृष्ठभागांचेही असेच असते. जो पृष्ठभाग कागदाला समांतर नाही त्यावरचे अंतर सरळ दृश्यात आखूड दिसते आणि त्यावरचे गोल भोक लंबगोल होते. अशा वेळी त्या पृष्ठभागाच्या सरळ समोरून पाहणारे सहायक दृश्य घेऊन तिथे माप द्यावे.

मॉडेलमध्ये बदल केल्यावर ड्रॉइंग उघडले, की काही मापे रंग बदलून बसलेली किंवा हवेत लटकलेली दिसतात. माप एखाद्या कडेला धरून असते. मधल्या काळात त्या कडेवर फिलेट आला, तर ती कडच नाहीशी होते आणि मापाचा आधार सुटतो. लटकलेले माप निदान दिसते तरी. आधार सुटून शेजारच्या भलत्या कडेला चिकटलेले माप अधिक धोक्याचे, कारण ते निरोगी दिसते. मॉडेलमधल्या कडांना आणि पृष्ठभागांना कायमची नावे कशी द्यायची, हा या क्षेत्रातला जुना प्रश्न आहे; फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत, २०२४ मध्ये, त्यावर मोठी दुरुस्ती झाली. वापरणाऱ्याच्या हाती इतकेच, की फिलेट आणि चॅम्फर (कडेची तिरकी छाट) मॉडेलच्या शेवटी द्यावेत आणि मापे शक्यतो टिकाऊ पृष्ठभागांना धरावीत.

कधी कधी मॉडेल म्हणून जे हाती येते ते एसटीएल, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगसाठी वापरले जाणारे फाइलचे स्वरूप, असते. या स्वरूपात पृष्ठभाग नसतात, फक्त त्रिकोण असतात, आणि एककाची नोंदही नसते. उदाहरणार्थ, २० व्यासाचे भोक ३६ बाजूंचा बहुकोन बनून येते. समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर मोजले तर १९.९२ भरते, समोरासमोरचे कोपरे मोजले तर २०, आणि मध्यबिंदू धरायला गेले तर सापडतच नाही, कारण तिथे वर्तुळ नाही. दृश्यात त्रिकोणांच्या रेषांची जाळी उमटते ती वेगळीच. अशा फाइलशी झटापट करत बसण्यापेक्षा स्टेप फाइल मागवणे हाच शहाणपणा, कारण तिच्यात दंडगोल दंडगोल म्हणूनच साठवलेला असतो.

वाकवलेल्या पत्र्याच्या भागात त्रिमितीतून सपाटात येण्याला निराळाच अर्थ असतो. तिथे प्रक्षेप नको असतो, भाग उलगडून हवा असतो. २ मिलिमीटर जाडीचा पत्रा आतून २ त्रिज्येने काटकोनात वाकवला आहे आणि दोन्ही बाजू बाहेरून ५० व ३० आहेत असे समजा. उलगडलेली लांबी ८० नसते. दोन सरळ बाजू ४६ आणि २६ उरतात, आणि वळणात गेलेली लांबी के फॅक्टर नावाच्या गुणकावर ठरते, कारण वाकताना पत्रा बाहेरून ताणला जातो आणि आतून दबतो. के ०.४४ धरला तर वळणाला ४.५२ लागून एकूण ७६.५२ होते, ०.५ धरला तर ७६.७१. हा गुणक धातू, जाडी आणि वाकवण्याच्या यंत्रावर अवलंबून असतो, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला आकडा डोळे मिटून न घेता जिथे भाग वाकवला जाणार तिथल्या चाचणी तुकड्यावरून ठरवावा. एका वळणात ०.१९ चा फरक किरकोळ वाटेल, पण आठ वळणांच्या पेटीत तोच दीड मिलिमीटर होतो आणि झाकण बसत नाही.

ड्रॉइंगच वगळून मापे आणि टॉलरन्स थेट त्रिमितीय मॉडेलवर लिहिण्याची पद्धतही आता प्रस्थापित आहे. तिच्यासाठीचे अमेरिकी मानक एएसएमई वाय१४.४१ हे २००३ मध्ये आले. जिथे रचनाकार, कारखाना आणि तपासणी विभाग तिघांकडेही ते मॉडेल वाचणारी साधने आहेत तिथे ती उत्तम चालते. पण तळापासून ५५ की माथ्यापासून २५, हा निर्णय तिथेही तसाच घ्यावा लागतो. आकडा कागदाऐवजी मॉडेलवर तरंगतो इतकेच.

ड्रॉइंग पाठवण्यापूर्वी एक तपासणी उपयोगी पडते. मॉडेलची खिडकी बंद करून केवळ शीटवरच्या आकड्यांच्या आधारे तोच भाग नव्याने मॉडेल करायला, शक्य असल्यास दुसऱ्या कोणाला, सांगावे. जिथे हात अडतो तिथे माप राहिलेले असते, आणि जिथे दोन मापे एकमेकांशी भांडतात तिथे एक जास्तीचे असते. दुवा जोडलेल्या ड्रॉइंगमध्ये आणखी एक गोष्ट मुद्दाम पाहावी लागते: मॉडेल बदलले की दृश्ये आणि आकडे आपोआप बदलतात, पण टायटल ब्लॉकमधला आवृत्तीचा क्रमांक सहसा आपोआप बदलत नाही. तसे झाले, की एकाच क्रमांकाची आणि वेगळ्या मापांची दोन ड्रॉइंगे फिरू लागतात. म्हणून मंजूर झालेल्या प्रत्येक आवृत्तीची पीडीएफ त्याच दिवशी काढून वेगळी ठेवावी आणि यंत्रावर तीच द्यावी.